गंगव्वा आणि भिंतीपलीकडचा दुधी

कोवळ्या फळाकडं गंगव्वा कधी सरळ बोट दाखवत नसे. दाखवायचंच झालं तर मूठ वळायची आणि वाकवलेल्या बोटाच्या पेरानं दाखवायची. सरळ बोट लागलं की कोवळा भोपळा देठापासून पिवळा पडतो आणि गळतो, अशी तिची खात्री. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणारी. पहिल्याच आठवड्यात मी तिला समजावलं, की ते बोटानं होत नाही. फळमाशी अंडी घालते, नाहीतर मादी फुलाला पराग मिळालेला नसतो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "असंल बाई," म्हणाली, "पर तुमी बोट खालीच ठिवा."

आणि हीच गंगव्वा पुढं एक अख्खा हंगाम रोज सकाळी चूळ भरून झाली की परसातल्या दगडावर चढायची, भिंतीपलीकडं शेजारच्या चंद्रकांतच्या मांडवाला लोंबणाऱ्या एकेका दुधीवर ताठ बोट रोखायची आणि मोजायची. एखादं नजरेतून सुटलं असेल म्हणून कधीकधी दोनदा मोजायची. मग खाली उतरून समाधानानं चहा प्यायची.

नळदुर्गहून निघालं की हायवेवरचे ढाबे संपतात तिथून एक फाटा आत जातो. त्या फाट्यावरच्या गावात मी चार वर्षं नोकरी केली आणि चारही वर्षं गंगव्वाच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिले. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बुटकी, पाठीनं ताठ, कपाळाला विभूती, कमरेच्या चंचीत सुपारी आणि अडकित्ता. माहेर सीमेपलीकडचं. वेलावरच्या लाल भुंग्यांवर चिडली की कानडीत बोलायची आणि माणसांवर चिडली की मराठीत, कारण माणसांना ते कळायला हवं असायचं.

घरामागच्या परसात दोन खाटा मावतील एवढी मोकळी जागा, बाकी सगळा मांडव. दोडका, घोसाळं, कारलं होतं, पण तिचा जीव दुधीवर. तसला दुधी मी नंतर कुठं पाहिला नाही. बुडाशी गरगरीत, मान जराशी वाकडी, रंगानं फिका. पाणी न घालता शिजायचा आणि नुसत्या जिऱ्याच्या फोडणीवर भाकरी संपायची. ढाब्यावरची माणसं फटफटी घेऊन दारात यायची. बी तिच्या आईचं, नीलव्वाचं. लग्नात आईनं पदराच्या टोकाला बांधून दिलेलं.

त्या बियांचे नियम होते. फळ मागेल त्याला, बी मागेल त्याला नाही. बी फक्त लेकीला द्यायचं, आणि हिला लेक नव्हती. बियाला दरसाल एकच फळ ठेवायचं, त्याच्या देठाला लाल दोरा बांधायचा आणि ते वेलावरच वाळू द्यायचं. मी म्हटलं, काकू, एक फळ उंदरानं खाल्लं तर? दोन ठेवा की. "आईनं एक सांगितलंय," ती म्हणाली. "दोन ठिवली की माणूस एकाचीबी राखण करत न्हाय." हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

पण वेलाबद्दल ती जे बोलायची ते माझ्या पुस्तकात नव्हतं. वेल हातभर वाढला की ती शेंडा खुडायची. "शेंड्याला समदी नर फुलं. नुसती दिसायला. बगलंला फुटतंय तवा मादी येती." मग माझ्याकडं बघून, "तुमच्या शाळंतबी असंच आसंल, नव्हं? हेडमास्तर शेंड्याला, आन काम बगलंला." वेलाचा ताणा हवेत चाचपडत असतो तो ती मला दाखवायची, अर्थात पेरानं. "ह्यो आंधळा हाय बगा. पर एकदा धरलं की सोडत न्हाय. वाळला तरी सोडत न्हाय." तिच्या स्वभावाची ओळख तिनं मला दुसऱ्याच महिन्यात अशी करून दिली होती, मी वेलाची माहिती म्हणून ऐकून घेतली.

चंद्रकांत तिच्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा, भिंतीला भिंत लावून घर. लहानपणी यानं पोहायला शिकावं म्हणून हिनंच वाळलेला भोपळा त्याच्या पाठीला बांधून विहिरीत ढकललं होतं. मोठेपणी तो बोलघेवडा निघाला. कुणाकडूनही काहीही उचलायचं आणि ते आपलंच होतं असं सांगायचं, आणि सांगता सांगता त्याला ते खरंही वाटायला लागायचं. त्यानं गंगव्वाकडं दोनदा बी मागितलं. दोन्ही वेळा तिनं दुधी दिला, बी दिलं नाही.

मी राहायला गेले त्याच वर्षी थंडीत तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सोलापूरला आठ दिवस. जाताना मला सांगून गेली, लाल दोऱ्याच्या फळाकडं ध्यान ठिवा. आदल्या सालचं बी लावून संपलेलं, आता होतं ते त्या एका फळात. ते फळ वेलाबरोबर भिंतीवरून पलीकडं उतरलं होतं, चंद्रकांतच्या नव्या स्लॅबवर. मी शाळेत असताना त्यानं विळ्यानं वेल बुडातून कापला. स्लॅबला ओल धरते म्हणाला. संध्याकाळी मी पाहिलं तेव्हा पानं माना टाकून पडली होती आणि दोऱ्याचं फळ नव्हतं. मी विचारलं तर तो हसून म्हणाला, "बाई, गुरानं खाल्लं आसंल." स्लॅबवर कुठलं जनावर चढलं असेल, हे मी त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, याची लाज मला अजून आहे.

गंगव्वा डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आली. परसात गेली, कापलेल्या बुडावर हात फिरवला, आणि आत येऊन माझ्याशी ऑपरेशनचंच बोलत बसली.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीपलीकडं मांडव उभा राहिला आणि त्याला वाकड्या मानेचे फिके दुधी लागले. बोट रोखून मोजायचा कार्यक्रम त्या हंगामातला. तिच्या बोटानं एकही फळ गळलं नाही, ही विज्ञानाच्या बाजूची गोष्ट मी तिला सांगितली नाही. दिवाळीनंतर तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात चंद्रकांतनं दुधी मांडला. फेटा बांधून, हातात फळ धरून फोटो काढला आणि घराच्या दर्शनी भिंतीला लावला. खाली लिहिलं, चंद्रकांत गावरान दुधी.

तेव्हा गंगव्वा त्याच्या दारात गेली. मी सोबत होते. ती ओसरीवर बसलीही नाही. "चंद्या, धा बिया दे," एवढंच म्हणाली. अपमान गिळून मागणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. चंद्रकांत फोटोकडं बघत म्हणाला, "काकू, बी काय कुणाच्या बापाचं असतंय व्हय? आन ह्ये तुमचं न्हायच. शेहरातनं आणलंय म्या." त्याची बायको रेखा दारामागं उभी होती. तिनं मान खाली घातली.

परत येताना गंगव्वा एकच वाक्य बोलली. "ह्याला भोपळा बांधून हिरीत ढकललं तवाच दोरी सैल बांधायची व्हती."

आठवड्यानं ती एसटीनं येडशीला गेली. तिकडं तिचे एक पाहुणे एकतारी बनवायचे आणि त्यासाठी कुंपणाला कडू भोपळा, दुधीचाच भाऊबंद, लावायचे. येताना पदराच्या टोकाला पंचवीसेक बिया बांधून आणल्या. मृगात भिंतीच्या कडेनं आठ आळी केली आणि आठही आळ्यांत कडू भोपळा टोकला. गाव हसलं. म्हातारीला डोळ्यानं दिसायला लागलं आणि डोक्यानं दिसेनासं झालं, असं चंद्रकांतच म्हणाला. ती सुपारी कातरत राहिली.

एका दुपारी मी नववीचे पेपर तपासत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली. "बाई, एक सांगा. गोड येलाच्या मादीला कडू येलाची धूळ लागली, तर फळ कसं यील?"

"गोडच," मी म्हटलं. "फळाचा गर आईचा असतो."

"आन आतलं बी?"

मी पेन खाली ठेवलं. सगळं एकदम माझ्या लक्षात आलं. "त्या बियाचा वेल पुढच्या वर्षी बहुतेक कडू निघेल."

"म्हंजे औंदा कुणाला कळणार न्हाय."

"नाही."

"आसू द्या," ती म्हणाली. "येलाला घाई न्हाय. मलाबी न्हाय."

मी तिला अडवलं नाही. उलट, खरं सांगायचं तर, मला आनंद झाला. त्या दर्शनी भिंतीवरचा फेटा मला रोज शाळेत जाताना दिसायचा.

दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दिवेलागणीला पांढरी फुलं उघडली की गंगव्वा ओच्यात कडू भोपळ्याची नर फुलं घेऊन दगडावर चढायची, भिंतीवरून वाकायची आणि हाताला येईल त्या मादी फुलावर ती अलगद फिरवायची. जे हाताला येत नव्हतं ते पतंगांवर सोपवायची. इतक्या मायेनं तिला मी दुसरं काही करताना पाहिलं नाही. बोट रोखून मोजणं बंद झालं होतं. उलट चंद्रकांतचं एखादं फळ वाऱ्यानं पडलं तर ती हळहळायची.

त्या वर्षी त्याला दुधी भरपूर लागला आणि गोड लागला. त्यानं पाच-सहा मोठी फळं बियाला ठेवली. पुढच्या पावसाळ्यात घरामागच्या तुकड्यात तारेचा मांडव टाकून चाळीस वेल लावले आणि उरलेल्या बियांसाठी स्वतःच्या फोटोची पाकिटं छापून आणली. पहिली फळं उतरली की पाकिटं विकायला काढायची, असा बेत होता.

गंगव्वाचा हिशेब साधा होता. पहिलं फळ रेखा चिरायला घेणार. दुधी चिरताना बाई देठाकडची चकती जिभेला लावून बघते, कडू लागली तर फेकते; आमच्याकडं हे मुलींना भाकरीच्या आधी शिकवतात. रेखा थुंकेल, नवऱ्याला सांगेल, चाळीसच्या चाळीस वेल कडू म्हणून गावात बोभाटा होईल आणि पाकिटावरचा फेटा उतरेल. तिला तेवढंच हवं होतं.

पण मध्यंतरी चंद्रकांतला डॉक्टरनं ब्लडप्रेशर सांगितलं आणि मोबाईलनं दुधीचा रस सांगितला. उपाशीपोटी पेलाभर, रोज. ढाब्याला जाणारा कुणाचातरी दुधी आणून त्यानं महिनाभर रस घेतला आणि आता घरचा तयार झाला. रस तो स्वतःच्या हातानं करायचा. आणि आमच्याकडच्या पुरुषांच्या हातून एक चूक हमखास होते. भाजीत कडू लागलं तर ताट सरकवतील, पण औषध म्हणून घेतलेलं कडू लागलं तर जास्त घेतील.

त्या सकाळी आम्ही दोघी परसात होतो. पलीकडं चंद्रकांत कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, की आज घरच्या मांडवाचं पहिलं फळ. मग मिक्सर सुरू झाला. गंगव्वाच्या हातातला अडकित्ता थांबला.

"काकू, तो रस पितोय," मी म्हटलं. "चाखून न बघता. कडू दुधीच्या रसानं माणूस मरूही शकतो."

"पिऊ दे," ती म्हणाली.

मिक्सर चालूच होता. मी उठले, तर तिनं माझ्या पदराला धरून खाली बसवलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कापलेल्या वेलाच्या बुडावर हात फिरवला होता तेव्हा होता, तोच चेहरा. माझ्या मनात आलं, की हिनं आता सोडलं नाही तर यात मीही आहे. हे होणार म्हणून सांगणारी मीच.

मिक्सर थांबला. गंगव्वानं पदर सोडला आणि माझ्याआधी उठली.

धा बिया मागायला गेली होती त्यानंतर तिनं तो उंबरा ओलांडला नव्हता. ओसरीवर शेजारच्या गावातली दोन माणसं पाकिटं बघायला येऊन बसलेली. चंद्रकांतनं दोन घोट घेतले होते आणि तोंड वाकडं करून तो त्या माणसांना सांगत होता, "जरा कडवट हाय. गावरान म्हणल्यावर गुण आसतोय त्येच्यात." पेला पुन्हा तोंडाला लावणार तेवढ्यात गंगव्वानं तो हातातून काढून घेतला. बोट बुडवून जिभेला लावलं आणि अंगणात थुंकली.

"ईख हाय ह्ये. आजून पी म्हनशील तर देते. पर पयलं सांग, बी कुणाचं?"

"काकू, पाव्हणे बसल्यात..."

"पाव्हण्यांच्या म्होरंच इचारते. बी कुणाचं?"

चंद्रकांतनं रेखाकडं पाहिलं. रेखा म्हणाली, "सांगा की. मला म्हाईत हाय, तुमाला म्हाईत हाय." त्याच्या ओठांवर घाम आला होता. "तुमचं," तो पुटपुटला.

"माजं न्हाय. माज्या आईचं. नीलव्वा तिचं नाव. नाव घे."

त्यानं नाव घेतलं. तिनं ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं घ्यायला लावलं. मगच पेला मोरीत ओतला. एवढ्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला असावा. "काकू, काय केलंत तुमी?"

"म्या काय केलं? माज्या रानात भोपळा लावला."

पुढच्या दहा मिनिटांत त्याला उलट्या सुरू झाल्या. मी पाव्हण्यांचीच जीप काढायला लावली आणि त्याला नळदुर्गला नेलं. वाटेत त्याचा हात माझ्या हातात होता, गार पडलेला, आणि मला माझ्या त्या आनंदाची भीती वाटली. दोन घोटांवर निभावलं. सलाईन लावून दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. गंगव्वानं मला फक्त एक विचारलं, "दवाखान्यात इचारलं आसंल की, कुणाचा दुधी म्हणून. काय सांगितलं त्यानं?"

चौथ्या दिवशी रेखा आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "काकू, समदा मांडव उपटायचा म्हणत्यात. त्येच्यात तुमच्या आईचं कायतरी उरलं आसंल. तुमीच चाखून सांगा."

गंगव्वानं सुपारी तोंडात टाकली. मग ती तोंडातून काढून फेकली, चूळ भरली आणि चाकू घेऊन निघाली. भिंतीच्या कडेपासून सुरुवात केली. एकेका वेलाच्या फळाची पापुद्र्याएवढी चकती, जिभेच्या टोकाला, थू, चूळ. "उपट." मागं चंद्रकांत, अजून अशक्त, टोपली घेऊन. तो वेल उपटायचा आणि टोपलीत भरायचा. बांधावर निम्मं गाव. मध्येच तो खाली बसला तर तीही थांबली, आणि उठेपर्यंत थांबून राहिली. त्याच्याऐवजी दुसऱ्या कुणाला उपटू दिलं नाही. पस्तिसाव्या वेलापर्यंत सगळं कडू. तिच्या डोळ्याला पाणी आलं होतं. ते कडूपणाचं असेल असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं, की आईच्या बियांत कडू मिसळलं ते तिच्याच हातानं, आणि तिच्यापुढं आता पाचच वेल उरले होते.

भिंतीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातला शेवटून दुसरा वेल. तिनं चकती जिभेला लावली आणि थुंकली नाही. चावली. सावकाश गिळली.

"ह्यो माजा," ती म्हणाली. उरलेला शेवटचाही चाखून उपटायला लावला. आपल्या परसात गेल्या साली पडलेल्या बियांतून उगवलेले कडू वेलही तिनं त्याच संध्याकाळी मुळासकट काढले.

तिथून पुढं अडीच महिने ती चंद्रकांतच्या रानात खाट टाकून बसली. संध्याकाळी मादी फूल उमलायच्या आधी त्याला फडक्याची पिशवी बांधायची, त्याच वेलाचं नर फूल स्वतः लावायची, पुन्हा पिशवी बांधायची. एका फळाला लाल दोरा बांधला. मी म्हटलं, आता तरी दोन ठेवा. तिनं ऐकलं नाही. चंद्रकांतनं सकाळ-संध्याकाळ चहा आणून द्यायचा, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते सांगायला नको. साखर कमी पडली तर कप परत जायचा. छापलेली पाकिटं तिनं बियांसकट मागून घेतली आणि अंघोळीच्या पाण्याखाली जाळली. एकेक करून, फोटोची बाजू वर ठेवून. महिनाभर पुरली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. सामान जीपमध्ये भरलं आणि निरोप घ्यायला आत गेले, तर ती घरात नव्हती. जीप निघाली तेव्हा ती दिसली, चंद्रकांतच्या दारासमोर. काखेत तो वाळलेला भोपळा, तांबूस झालेला, देठाला विटलेला दोरा. अजून फोडला नव्हता. चंद्रकांत उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. बहुतेक त्याला वाटलं, आज देणार. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.

तिनं भोपळा दोन्ही हातांत धरला, त्याच्या कानाशी नेला आणि हलवला. आतल्या बिया खुळखुळल्या. मला जीपमध्ये ऐकू आल्या.

"ऐकलं?" ती म्हणाली. "हायत आजून."

त्याचे हात तसेच पुढं होते. तिनं भोपळा काखेत मारला, मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि सरळ बोट रोखून दाखवलं, त्याच्याकडं. मग ती चालायला लागली.